हिप हॉप पहिल्यांदा ऐकताय? कोणते अल्बम आधी, कोणते नंतर आणि कोणते सध्या राहू द्या

"हिप हॉप ऐकायचंय, कुठून सुरू करू?" असं कोणी विचारलं की लगेच दहा जण पन्नास अल्बमची नावं अंगावर फेकतात. मग विचारणारा बिचारा त्यातला सगळ्यात गाजलेला एक लावतो, दोन गाणी ऐकतो, धड एक शब्द कळत नाही, मधेच कोणीतरी फोनवर बोलतंय, कोणीतरी गोळ्या झाडतंय, आणि "आपल्याला नाही बुवा जमत हे" म्हणून कायमचं बंद. यात दोष त्याचाही नाही आणि अल्बमचाही नाही. "सर्वकालीन १०० महान" छापाच्या याद्या करणारे लोक या संगीतासोबत वाढलेत, १९८८ चा एखादा अल्बम त्या वेळी कानावर कसा आदळला होता हे त्यांना आठवतं, तुम्हाला ते आठवायचं कारणच नाही. त्यामुळे महान अल्बम कोणता हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. पहिला कोणता ऐकायचा एवढंच बघू.

मी आतापर्यंत बऱ्याच जणांना हे व्यसन लावलंय, कोण कुठे अडकतं ते बघितलंय, त्यातून जो क्रम जमला तो खाली देतोय. पटला नाही तर बदला, पण पायरी १ आणि २ सोडू नका.

आधी काय काय लागेल

- बरे हेडफोन किंवा स्पीकर. महाग नकोत, पण बेस ऐकू आला पाहिजे. मोबाईलच्या स्पीकरवर हिप हॉप ऐकलं तर अर्धं गाणं गायब असतं आणि उरलेलं अर्धं नुसती बडबड वाटते.
- गाण्याचे शब्द वाचायला जीनियस ही साइट. २००९ मध्ये ती सुरू झाली आणि आधी तिला रॅप जीनियस म्हणायचे. ओळीवर क्लिक केलं की अर्थ दिसतो. मात्र त्या टिपा कोणीही लिहू शकतं, त्यामुळे काही नेमक्या असतात तर काही शुद्ध फेकाफेकी.
- कुठलं गाणं कुठल्या जुन्या रेकॉर्डवरून उचललंय ते बघायला हूसॅम्पल्ड ही साइट. ही लगेच लागणार नाही, पायरी ५ ला लागेल.
- शफल बंद. हे कृपया आत्ताच करा.
- अल्बमची मूळ, म्हणजे एक्सप्लिसिट आवृत्ती. क्लीन आवृत्तीत शिव्या कापलेल्या असतात आणि त्यासोबत तालही कापला जातो, ओळीच्या मधोमध भोक पडतं. शिव्या नकोच असतील तर कापलेला अल्बम ऐकण्यापेक्षा मुळात कमी शिव्यांचा अल्बम निवडा, असे भरपूर आहेत.
- सलग पाऊण-एक तास. तुकड्या-तुकड्यात ऐकून यातलं फार काही हाती लागत नाही.

१. तुम्ही आत्ता काय ऐकता त्यावरून दार निवडा

सगळ्यांनी एकाच दारातून शिरायची गरज नाही. तुमच्या कानाला आधीपासून काय आवडतं ते बघा आणि त्याच्या जवळचा अल्बम घ्या.

जॅझ आवडत असेल, किंवा जॅझ माहीत नाही पण शांत, मोकळं, फार आरडाओरडा नसलेलं काही हवं असेल तर अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी' (१९९१). माझं मत विचाराल तर दहापैकी सात जणांसाठी हाच पहिला अल्बम असावा. पहिलंच गाणं लावा, 'एक्सकर्शन्स'. सुरुवातीला फक्त डबल बेस आहे, बाकी काही नाही, आणि त्यावर ग्रुपमधला रॅपर क्यू-टिप बोलायला लागतो की मी वयात येत होतो तेव्हा वडील म्हणायचे, हे तुमचं हिप हॉप ऐकून मला बीबॉपची, म्हणजे जुन्या वेगवान जॅझची, आठवण येते. हे सांगून होतंय तोवर मागून ड्रम्स आत येतात. ते जिथे येतात ना, तिथे तुमची मान आपोआप हलली तर काळजी मिटली, पुढचं सगळं जमेल. याच अल्बममध्ये एका गाण्यावर रॉन कार्टरने स्वतः बेस वाजवलाय, जॅझचा दिग्गज माइल्स डेव्हिस, त्याच्या साठच्या दशकातल्या पाच जणांच्या बँडमधला रॉन कार्टर. आणि क्यू-टिपचा गुळगुळीत आवाज विरुद्ध दुसऱ्या रॅपरचा, फाइफ डॉगचा, चढा, भांडखोर आवाज ही जोडी इतकी सहज चालते की शब्द कळले नाहीत तरी दोन मित्रांच्या गप्पा ऐकतोय असं वाटतं.

सोल, आर अँड बी, म्हणजे गाणारा आवाज असेल तरच तुम्ही टिकता असं असेल तर 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' (१९९८). अर्धा रॅप, अर्धं गाणं, आणि दोन्ही ती एकटीच करते, तेही दोन्हीत अव्वल. अल्बमची सुरुवात वर्गातल्या हजेरीने होते. सगळी मुलं हजर म्हणतात, लॉरिन हिलचं नाव पुकारलं जातं आणि उत्तरच येत नाही. मग गाण्यांच्या मधे मधे तोच वर्ग परत येतो आणि मुलं प्रेम म्हणजे काय यावर वाद घालत असतात. (ते शिक्षक म्हणजे रस बराका, जे पुढे न्यूअर्क शहराचे महापौर झाले.) १९९९ मध्ये या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, हिप हॉपला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

रॉक, मेटलवाले लोक. तुम्हाला सगळे हिप हॉप ग्रुप रन-डीएमसी आणि रॉक बँड एरोस्मिथ यांचं ते एकत्र गाणं 'वॉक धिस वे' ऐकवतील. ऐका, मजा येते, पण त्याने तुम्ही आत शिराल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा 'रन द ज्युएल्स २' (२०१४) लावा, आवाज मोठा ठेवा. त्यात रेज अगेन्स्ट द मशीनचा झॅक डे ला रोचा पण येऊन जातो. तो पचला की मग पब्लिक एनिमीचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक' (१९८८). सायरन, किंचाळ्या, तुकडे-तुकडे केलेले हॉर्न, एका गाण्यात तर चक्क स्लेयर या मेटल बँडचं गिटार उचललंय. हा अल्बम पहिल्याच झटक्यात लावला तर डोकं उठतं, दुसरा म्हणून लावला तर डोळे उघडतात.

गोष्टी आवडणारे, म्हणजे गाण्यापेक्षा सिनेमा, कादंबऱ्यांत रमणारे लोक: केंड्रिक लमारचा 'गुड किड, मॅड सिटी' (२०१२). कव्हरवरच लिहिलंय की ही एक शॉर्ट फिल्म आहे. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधला एक सतरा वर्षांचा मुलगा आईची व्हॅन घेऊन मुलीला भेटायला जातो आणि त्या एका दिवसात काय काय होतं त्याची गोष्ट. पहिल्या गाण्याच्या शेवटी आईचा व्हॉइसमेल आहे, गाडी कधी आणतोयस म्हणून ती वैतागलीये, आणि मागून बाप त्याच्या डॉमिनोजच्या सोंगट्यांचं काय झालं म्हणून ओरडतोय. ऐकताना हसू येतं, अल्बम संपेपर्यंत त्याच आईचा आवाज वेगळाच ऐकू येतो. इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, घटना सरळ क्रमाने नाहीत, सुरुवात गोष्टीच्या मधूनच होते, त्यामुळे पहिल्यांदा गोंधळ होणारच. दुसऱ्यांदा ऐका.

नाचायला लागलंच पाहिजे, इलेक्ट्रॉनिक आवडतं असं असेल तर मिसी एलियट, 'मिस ई... सो अॅडिक्टिव्ह' (२००१). टिम्बलँडचे बीट्स (रॅपच्या मागे वाजणारं संगीत) आहेत. त्यातलं 'गेट युअर फ्रीक ऑन' ज्या तारेच्या तुणतुण्या आवाजावर उभं आहे ती पंजाबी तुंबी आहे.

एक निवडा. दोन नको.

२. एकच अल्बम तीनदा, वेगवेगळ्या पद्धतीने

इथे सगळ्यात जास्त लोक गळतात, कारण पहिल्या मिनिटापासून प्रत्येक शब्द कळलाच पाहिजे असा अट्टाहास. अहो, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधल्या वस्त्यांमधली बोली आहे ती, त्यात त्या-त्या वर्षाची स्लँग, वर वेग. अमेरिकेतल्याच लोकांना सगळं कळत नाही.

पहिल्यांदा ऐकताना शब्द वाचायचे नाहीत. फक्त आवाज आणि ताल. ढोबळ हिशोब असा की चार ठोक्यांचा एक बार, पहिल्या ठोक्यावर जड किक (ड्रमचा ढम्म), दुसऱ्या आणि चौथ्यावर कडक स्नेअर (ड्रमचा टाक), आणि एका व्हर्सला, म्हणजे रॅपच्या कडव्याला, साधारण असे १६ बार. बोटाने टेबलावर दोन-चार, दोन-चार धरा. आता रॅपर त्या स्नेअरच्या बरोबर वर येतोय, जरा आधी येतोय की मुद्दाम मागे रेंगाळतोय ते ऐका. यालाच लोक फ्लो म्हणतात आणि एकाच बीटवर दोन रॅपर इतके वेगळे का वाटतात त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. पॉज करायला लाजू नका. इथे यमकं बघा. सुरुवातीच्या काळात यमक ओळीच्या शेवटी यायचं आणि विषय संपायचा. १९८७ मध्ये एरिक बी अँड रकीमचा 'पेड इन फुल' आला आणि रकीमने यमकं ओळीच्या पोटात घातली, एका ओळीत दोन-तीन, अर्धवट वाक्य पुढच्या बारमध्ये नेऊन तोडायचं, आणि हे सगळं आवाज न चढवता. तो सॅक्सोफोन वाजवायचा, ते त्याच्या बोलण्यात ऐकू येतं. त्याच्या नंतरच्या जवळजवळ प्रत्येकाने हे उचललंय, त्यामुळे तुम्ही कुठलाही अल्बम घेतला तरी शोधलंत तर सापडेल.

तिसऱ्यांदा शब्द बंद करून, चालताना वगैरे. आता मजा येईल. नाही आली तर तो अल्बम सोडा आणि पायरी १ मधलं दुसरं दार बघा, जबरदस्ती कशाला.

३. आता 'इलमॅटिक'

याला वेगळी पायरी द्यावीच लागते. नॅसचा 'इलमॅटिक' एप्रिल १९९४ मध्ये आला, तेव्हा तो २० वर्षांचा होता. १० ट्रॅक, त्यातला पहिला तर नुसती प्रस्तावना, सगळं मिळून ४० मिनिटांच्या आत. पसारा नाही, भरताड नाही. नवख्या माणसाला "अल्बम" ही गोष्ट हिप हॉपमध्ये कशी दिसते हे दाखवायला याच्याइतका आटोपशीर नमुना मला माहीत नाही. आणि तरीही मी याला पहिला ठेवत नाही, कारण यात शब्दच सगळं काही आहेत. कान तयार नसेल तर हा अल्बम करड्या रंगाचा वाटतो.

सगळा अल्बम क्वीन्सब्रिज नावाच्या न्यूयॉर्कमधल्या सरकारी घरांच्या वसाहतीत घडतो. कव्हरवर लहानपणीच्या नॅसचा चेहरा आहे आणि त्याच्या आरपार ती वसाहत दिसते. सुरुवातीला ट्रेनचा खडखडाट. मग 'एन वाय स्टेट ऑफ माइंड', डीजे प्रीमियरचा तो पियानोचा काळाकुट्ट तुकडा परत परत फिरतोय आणि नॅस माइकवर पुटपुटतो की हे सुरू कसं करायचं कळत नाहीये, आणि पुढच्या क्षणी जो सुटतो तो थांबतच नाही. ती पुटपुट तशीच ठेवलीये, कापली नाही. खिडकीतून खाली बघत बसलेला मुलगा जे दिसतंय ते सांगतोय, उपदेश नाही, बढाईसुद्धा बेताचीच.

'लाइफ्स अ बिच' च्या शेवटी बोलणं संपतं आणि एक कॉर्नेट (ट्रंपेटसारखं वाद्य) वाजायला लागतो. तो वाजवणारा ओलू दारा, नॅसचे वडील. मुलगा आणि त्याचा मित्र एझी विशीच्या उंबरठ्यावर मरणाबद्दल बोलून गप्प होतात आणि मग बाप वाजवतो. हे माहीत नसताना ऐकलं तरी छान वाटतं, माहीत झाल्यावर पुन्हा ऐकून बघा.

अजून एक कारण आहे हा ऐकायचं. बीट्स एका माणसाचे नाहीत. डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप (हो, तोच ट्राइबवाला), लार्ज प्रोफेसर, एल. ई. एस. असे वेगवेगळे प्रोड्युसर, म्हणजे बीट बनवणारे, आहेत. कुठलं गाणं कोणाचं ते बघून ठेवा, शेवटच्या पायरीला उपयोगी पडेल.

४. नकाशा: पूर्व, पश्चिम, दक्षिण

हिप हॉपची सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. ११ ऑगस्ट १९७३, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या ती तारीख सगळे धरतात. पण पुढे प्रत्येक शहराने आपापला आवाज काढला, आणि नवख्या माणसाने न्यूयॉर्कचेच अल्बम ऐकत राहिलं की अर्धा देश राहून जातो.

पूर्वेकडून इलमॅटिक झालाच. त्यासोबत नोटोरियस बी. आय. जी. चा 'रेडी टू डाय' (१९९४). त्याला बिगी म्हणतात. बिगीचं 'गिमी द लूट' ऐका, दोन चोर आपापसात बोलतायत, एक जाड आवाजाचा आणि एक पोरगेलासा. दोन्ही आवाज बिगीचेच आहेत. पहिल्यांदा कोणाच्याच लक्षात येत नाही. पण हा अल्बम जन्मापासून सुरू होऊन आत्महत्येवर संपतो, तेव्हा मूड बरा नसेल त्या दिवशी नको. मग वू-टँग क्लॅनचा 'एंटर द वू-टँग' (१९९३), न्यूयॉर्कच्याच स्टेटन आयलंडचे नऊ जण, कुंग फू सिनेमांचे संवाद, मुद्दाम मळकट ठेवलेला आवाज. नऊ आवाज ओळखण्याच्या भानगडीत लगेच पडू नका, मेथड मॅन आणि ओल डर्टी बास्टर्ड आपोआप ओळखू येतात, बाकीचे हळूहळू.

पश्चिमेकडून डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' (१९९२). सत्तरच्या दशकातल्या पार्लमेंट-फंकडेलिक या बँडचं फंक (नाचरं, बेसवर चालणारं संगीत) घेऊन संथ केलेलं, वर ती सिंथची शिट्टीसारखी रेघ, खाली गाडी हलवणारा बेस. यालाच जी-फंक म्हणतात. कानाला इतकं गुळगुळीत लागतं की शब्द किती हिंसक आहेत हे उशिरा कळतं. टूपॅक ऐकायचाच असेल, आणि ऐकायला हवाच, तर 'ऑल आइझ ऑन मी' ने सुरू करू नका. दोन सीडींचा आहे, दोन तासांच्या वर जातो आणि नवा माणूस अर्ध्यात थकतो. 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड' (१९९५) घ्या. तो पहिल्या नंबरवर पोचला तेव्हा टूपॅक तुरुंगात होता, आणि त्यात तो सगळ्यात उघडा, सगळ्यात घाबरलेला ऐकू येतो.

आणि दक्षिण. इथे मी पक्षपाती आहे, आधीच सांगतो. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या, सोर्स या हिप हॉप मासिकाच्या अवॉर्ड्समध्ये अटलांटाच्या आउटकास्टला सर्वोत्तम नव्या ग्रुपचं बक्षीस मिळालं तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली होती. त्यातल्या आंद्रेने माइकवर जाऊन सांगितलं की दक्षिणेकडेही बोलण्यासारखं काहीतरी आहे. तीन वर्षांनी 'अक्वेमिनाय' (१९९८) आला. नाव म्हणजे ग्रुपमधल्या दुसऱ्याची, बिग बॉयची, कुंभ रास आणि आंद्रेची मिथुन रास एकत्र केलेली. एक जण रस्त्यावरचा, एक परग्रहावरचा, आणि दोघांचं जमतं. 'रोझा पार्क्स' मध्ये मधेच टाळ्या आणि हार्मोनिका सुरू होते, ती आंद्रेच्या सावत्र वडिलांनी वाजवलीये आणि ते पेशाने पाद्री. सव्वा तासाच्या आसपासचा अल्बम आहे, घाईत ऐकू नका. ह्यूस्टनकडचं काही हवं तर स्कारफेसचा 'द डायरी' (१९९४), पोर्ट आर्थरच्या यूजीकेचा 'रायडिन डर्टी' (१९९६).

५. बीट कुठून आला ते शोधा

"चोरलेलं संगीत आहे" हा आक्षेप तुम्हाला कोणीतरी ऐकवणारच. तेव्हा सॅम्पलिंग, म्हणजे जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरणं, नेमकं काय असतं ते एकदा कानाने बघा. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' मध्ये क्लाइड स्टबलफील्डने वाजवलेला काही सेकंदांचा ड्रम शेकडो गाण्यांत आहे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा लागतो. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलिंगच्या मशीनमध्ये सगळं मिळून जेमतेम दहा सेकंदांचं सॅम्पल मावायचं. म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून भरायचे आणि मशीनमध्ये परत संथ करायचे, त्यातून तो खरखरीत पोत आला. अडचणीतून आलेला आवाज पुढे शैली झाला.

१९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीवर सॅम्पलवरून खटला झाला आणि न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच "चोरी करू नकोस" या बायबलमधल्या आज्ञेने केली. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याची परवानगी घ्यायची, पैसे मोजायचे. म्हणून बीस्टी बॉइजचा 'पॉल्स बुटीक' (१९८९) किंवा डी ला सोलचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' (१९८९) यांच्यासारखे डझनावारी तुकडे चिकटवलेले अल्बम पुढे करणं परवडेनासं झालं. डी ला सोलचे जुने अल्बम तर स्ट्रीमिंगवर मार्च २०२३ पर्यंत नव्हतेच. आता आहेत, तेव्हा ऐकून घ्या, आनंदी अल्बम आहे आणि हिप हॉप म्हणजे फक्त बंदुका हा समज पहिल्या दहा मिनिटांत जातो.

या पायरीचे दोन मुख्य अल्बम मात्र वेगळे. बीट बनवणाऱ्या जे डिलाचा 'डोनट्स' (२००६), ३१ छोटे ट्रॅक, रॅप नाहीच. आजारपणात पूर्ण केलेला. ७ फेब्रुवारीला, त्याच्या ३२ व्या वाढदिवशी आला आणि तीन दिवसांनी तो गेला. पहिल्या ट्रॅकचं नाव 'आउट्रो', म्हणजे समारोप, आहे आणि शेवटचा ट्रॅक पहिल्याला जाऊन जुळतो, त्यामुळे रिपीटवर ठेवला तर संपतच नाही. दुसरा मॅडव्हिलनचा 'मॅडव्हिलनी' (२००४), म्हणजे मॅडलिबचे बीट्स आणि रॅपर एमएफ डूमचा मुखवट्याआडचा आवाज. २२ ट्रॅक, हुक (परत परत येणारं ध्रुवपद) जवळजवळ नाहीत, गाणं रंगात येतंय तोवर संपतं. अर्धे लोक म्हणतात हे काय आहे, उरलेले अर्धे पुढे कधी दुसरं काही ऐकत नाहीत.

६. नवीन आवाज, आणि "हे काय पुटपुटतात?" हा प्रश्न

नव्वदच्या दशकातले अल्बम आवडायला लागले की एक आजार जडतो, नवीन सगळं टाकाऊ वाटायला लागतं. तो होऊ देऊ नका. ट्रॅप, म्हणजे दक्षिणेतून आलेला जड बेसचा नवा प्रकार, ऐकताना मोजपट्टी बदलावी लागते. फ्यूचरचा 'डीएस२' (२०१५) घ्या, त्यात नॅससारखी यमकं शोधलीत तर हाती काही लागणार नाही. तिथे आवाज हेच वाद्य आहे, ऑटो-ट्यूनमधून (आवाजाचा सूर बदलणारं सॉफ्टवेअर) फाटलेला, आणि खाली ८०८ चा बेस. रोलँडचं ते टीआर-८०८ मशीन १९८० मध्ये आलं, फारसं खपलं नाही, तीनेक वर्षांत बंद पडलं, आणि आज त्याच्याशिवाय पान हलत नाही. हेडफोनचा मुद्दा इथे परत आठवा.

लहान अल्बम हवेत तर पुशा टीचा 'डेटोना' (२०१८), ७ गाणी, २१ मिनिटं. नोनेमचा 'टेलिफोन' (२०१६), कुजबुजल्यासारखा, दुपारी ऐकायचा. रॅप्सडीचा 'ईव्ह' (२०१९), प्रत्येक गाण्याला एका कृष्णवर्णीय स्त्रीचं नाव. लंडनकडे वळायचं तर लिटल सिम्झ, 'समटाइम्स आय माइट बी इन्ट्रोव्हर्ट' (२०२१).

केंड्रिकचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' (२०१५) मुद्दाम इथपर्यंत मागे ठेवलाय. सगळीकडे तो पहिल्या क्रमांकावर दिसतो आणि नवे लोक तिथेच घसरतात. जॅझ, फंक, कविता, स्वतःशीच भांडण, सगळं एकदम अंगावर येतं. त्याच्या आधी 'डॅम' (२०१७) ऐका, सरळ आहे, त्याला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं. शिवाय तो गाण्यांचा क्रम उलटा करूनही ऐकता येतो, केंड्रिकने स्वतःच तशी उलट्या क्रमाची आवृत्ती काढलीये.

७. खटकणाऱ्या गोष्टींचं काय करायचं

खटकेल. बायकांबद्दलची भाषा बऱ्याच अल्बममध्ये घाणेरडी आहे, अगदी वर सांगितलेल्यांतही. 'द लो एंड थिअरी' मधलं एक गाणं डेट-रेपवर आहे आणि आज ऐकताना त्यातला सूर चुकीचा वाटतो. "तो काळच तसा होता" म्हणून झाकायची गरज नाही आणि "म्हणून सगळंच फालतू" म्हणायचीही नाही. गाणारा प्रत्येक वेळी स्वतःबद्दलच बोलतोय असं मात्र धरून चालू नका, बरेचदा ते पात्र असतं, वर बिगीचे दोन चोर सांगितलेच.

एन-वर्ड, म्हणजे कृष्णवर्णीयांना दिली जाणारी ती शिवी, ऐकायला येईल, शेकडो वेळा. गाण्यासोबत म्हणताना तो शब्द गाळा, चारचौघांत तर नक्कीच. २०१८ मध्ये केंड्रिकने स्टेजवर बोलावलेल्या एका गोऱ्या मुलीने तो म्हटला तेव्हा त्याने भर कार्यक्रमात गाणं थांबवलं होतं.

स्किट्स, म्हणजे गाण्यांमधले ते संवाद. पहिल्यांदा ऐका, नंतर खुशाल पुढे ढकला. 'गुड किड' मधले मात्र ढकलू नका, गोष्टच त्यात आहे.

८. पुढचा अल्बम स्वतः शोधायची युक्ती

इथून पुढे कोणाच्या याद्या नकोत, माझीही नको. स्ट्रीमिंग अॅपवर सुचवण्या येतात त्या बहुतेक त्याच रॅपरच्या आसपास घुटमळतात, त्यापेक्षा गाण्याचे क्रेडिट्स उघडा आणि प्रोड्युसरचं नाव पकडा. 'इलमॅटिक' मधलंच बघा. प्रीमियरचे तुकडे आवडले असतील तर त्याचा स्वतःचा ग्रुप गँग स्टार, 'मोमेंट ऑफ ट्रुथ' (१९९८). पीट रॉकचे हॉर्न आवडले तर पीट रॉक अँड सी. एल. स्मूथ, 'मेक्का अँड द सोल ब्रदर' (१९९२). क्यू-टिप आवडला तर ट्राइबचाच 'मिडनाइट मॅरॉडर्स', जो वू-टँगच्या पहिल्या अल्बमच्याच दिवशी, ९ नोव्हेंबर १९९३ ला आला, एकाच दिवशी दोन्ही, विचार करा. आणि लार्ज प्रोफेसर आवडला तर मेन सोर्सचा 'ब्रेकिंग अॅटम्स' (१९९१). त्यातल्या 'लाइव्ह अॅट द बार्बेक्यू' मध्ये पहिलाच व्हर्स ज्या पोराचा आहे तो नॅस, सतरा वर्षांचा, रेकॉर्डवर पहिल्यांदाच.